गोदावरीचं पाणी वाचायला शिकताना

शहराबाहेरच्या एका मळ्यातल्या बोअरचं पाणी आम्ही सकाळी काचेच्या बाटलीत भरलं. नितळ होतं, चवीला जरा लोखंडी. बाटली ओट्यावर तशीच राहिली. दुपारपर्यंत पाणी पिवळट गढूळ झालं आणि दुसऱ्या दिवशी तळाशी तांबूस साका बसला, वरचं पाणी पुन्हा नितळ. बाटलीत कुणी काही टाकलं नव्हतं, फक्त हवा लागली होती. जमिनीखाली प्राणवायू नव्हता, तोवर लोह फेरस रूपात विरघळलेलं होतं. हवा लागली तसं त्याचं फेरिक झालं. फेरिक लोह साध्या पाण्यात विरघळून राहत नाही, गंजासारखं होऊन खाली बसतं.

पाण्यातल्या रसायनांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याला मी आधी हीच बाटली दाखवते. "या पाण्यात लोह किती?" या प्रश्नाला सकाळी एक उत्तर होतं, दुसऱ्या दिवशी दुसरं, आणि दोन्ही खरी होती. म्हणून नुसतं "किती" विचारून भागत नाही. कोणत्या रूपात आहे, कशाला चिकटलेलं आहे आणि काय बदललं तर ते सुटेल, हेही विचारावं लागतं. नाशिककरांना हे शिकायला लांब जावं लागत नाही. धरण, घाट, कारखाने, द्राक्षबागा आणि पाणथळ जागा, सगळं एकाच नदीकाठी आहे, एका दिवसात बघून होण्यासारखं.

आधी नकाशा काढा

मीटर विकत घेण्याआधी कागदावर नदी काढा. ब्रह्मगिरी, गंगापूर धरण, सोमेश्वरचा धबधबा, आनंदवल्ली, रामकुंड, तपोवन. मग टाकळीजवळ मिळणारी नासर्डी, जिला नंदिनीही म्हणतात. ही सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यातून येते. पुढे दसक-पंचक, सायखेडा, उजवीकडून येणारी दारणा, डावीकडून येणारी कादवा आणि नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. मधले नाले, मलजल शुद्धीकरण केंद्रांचे सांडवे, धोबीघाट, पाटाचं परत येणारं पाणी, जे जे दिसेल ते स्वतः चालत जाऊन खुणा करा. नासर्डीचं पाणी पुलावरून पाहिलं आणि काठाने चालत पाहिलं, यात फार फरक पडतो.

पाच-सहा जागा पक्क्या करा. नियम एकच: कुठलाही प्रवाह मिळतो तिथे एक जागा संगमाच्या वर आणि एक खाली. खालची जागा पुरेशी लांब घ्या, कारण दोन पाणी भेटल्या भेटल्या मिसळत नाहीत. पावसाळ्यात संगमापाशी उभं राहिलं तर दोन रंगांचे पट्टे बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. त्यातल्या एकाच पट्ट्यातून बादली भरली, तर तो नमुना त्या प्रवाहाचा, नदीचा नाही.

शहराच्या वरचं पाणी आधी समजून घ्या

सगळे जण घाण पाण्यापासून सुरुवात करतात. मी उलट सांगेन. पहिले दोन-तीन रविवार धरणाच्या वरच्या अंगाला घालवा. नदीचं मूळ पाणी कसं असतं ते ठाऊक नसेल, तर खाली काय भर पडली ते कळणार नाही.

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसाचं पाणी मुळात किंचित आम्लधर्मी असतं, पीएच (आम्लतेचं माप; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) ५.६ च्या आसपास, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. मातीतून मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात आणखी मिसळतो. हे सौम्य आम्ल बेसॉल्टमधली खनिजं हळूहळू झिजवतं. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका येतं, आम्लाचं बायकार्बोनेट होतं आणि मागे उरते चिकणमाती. आपली काळी माती हा त्याच झिजेचा उरलेला भाग. पाण्यातलं बायकार्बोनेट आणि शेतातली काळी माती ही एकाच प्रक्रियेची दोन टोकं आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा शेताकडे बघण्याची नजरच बदलली.

याचा व्यवहारात अर्थ असा की, आपल्याकडच्या पाण्याला आम्ल पचवायची बऱ्यापैकी ताकद असते. तिला अल्कधर्मिता म्हणतात. पीएच साधारण ७.५ ते ८.५ मध्ये राहतो. या पीएचला शिसं, तांबं, जस्त यांसारखे धातू फार वेळ मोकळे राहत नाहीत. कार्बोनेट-हायड्रॉक्साइड होतात किंवा गाळाच्या कणांना चिकटतात. पाणी आम्लधर्मी झालं की तेच सुटतात. म्हणून कुठे पीएच अचानक ६ च्या खाली दिसला तर दचकून थांबा, पुन्हा मोजा आणि वरच्या अंगाला चालायला लागा.

नदीवर काय न्यायचं

थर्मामीटर, पीएच मीटर, विद्युतवाहकता मीटर, विरघळलेला प्राणवायू मोजायचा मीटर किंवा विंकलर पद्धतीचं किट, दोरी बांधलेली प्लॅस्टिकची बादली, पांढरी इनॅमलची थाळी, रबरी हातमोजे, वही आणि पेन्सिल. पीएच मीटर निघण्याआधी ४, ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत, तपासून घ्या. न तपासलेल्या मीटरचा आकडा वहीत लिहू नका.

विद्युतवाहकता मायक्रोसीमेन्समध्ये येते, तिला ०.६५ ने गुणलं की टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचा, अंदाज येतो. आता एक गोष्ट ठासून सांगते, कारण घरोघरी पाण्याची मशिनं विकणाऱ्यांनी यात फार गोंधळ घातला आहे: टीडीएस मीटरला धातू दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मि.ग्रॅ./लि. आहे आणि एकूण क्रोमियमची ०.०५. म्हणजे ३०० टीडीएसच्या पाण्यात क्रोमियम मर्यादेच्या दुप्पट झालं, तरी मीटरचा आकडा हलणार नाही. टीडीएसचा उपयोग वेगळा आहे. नदीकाठाने चालताना तो अचानक वाढला, तर मधे काहीतरी मिळालं आहे एवढं तो नक्की सांगतो. त्यासाठी तो स्वस्त आणि विश्वासू सोबती आहे.

एकाच जागी दिवसातून दोनदा

शहराच्या खालच्या अंगाचा एखादा संथ डोह निवडा. सूर्योदयाआधी आणि दुपारी तीनला, अशी दोनदा मोजणी करा. २५ अंश तापमानाला, नाशिकच्या उंचीवर, हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात साधारण ७.७ मि.ग्रॅ./लि. प्राणवायू मावतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या डोहात दुपारी आकडा याच्या बराच वर जातो, कारण शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं. तेच शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पीएचही चढतो, कधी ९ च्या पुढे. रात्री सगळे फक्त श्वास घेतात. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि पीएच उतरतो. मासे बहुधा पहाटेच मेलेले सापडतात, त्यामागचं एक मोठं कारण हे.

दुपारच्या चढलेल्या पीएचचा धोका वेगळाच असतो. सांडपाण्यातला अमोनिया दोन रूपांत राहतो: अमोनियम, जो माशांना तुलनेने सोसतो, आणि मोकळा अमोनिया, जो त्यांच्या कल्ल्यांना घातक. २५ अंशांना पीएच ७ असताना मोकळा भाग अर्धा टक्का. ८ ला सुमारे ५ टक्के. ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. एकूण अमोनिया तेवढाच, नवीन घाण एक थेंबही आली नाही, फक्त ऊन चढलं. आणि आपण जर रोज सकाळी अकरालाच नमुना घेत असू, तर पहाटेचं आणि दुपारचं, दोन्ही संकटं आपल्या वहीत कधीच येणार नाहीत.

गाळ उकरून बघा

हा भाग घाईत उरकू नका. हातमोजे घालून काठच्या उथळ पाण्यातला गाळ खुरप्याने पांढऱ्या थाळीत घ्या. वरचा पातळ थर तपकिरी, त्याखाली काळाकुट्ट, आणि सडक्या अंड्यासारखा वास. थाळी काठावर ठेवून आजूबाजूची मोजणी करा आणि थोड्या थोड्या वेळाने बघत राहा. काळ्या गाळाचा वरचा पृष्ठभाग हळूहळू राखाडी, मग तपकिरी होत जातो. त्या ओट्यावरच्या बाटलीसारखंच हे, फक्त इथे सुरुवात गंधकापासून आहे.

गाळात प्राणवायू संपला की जिवाणू श्वासासाठी दुसरं काही शोधतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि फेरिक लोह, मग सल्फेट. सल्फेट वापरलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच तो वास. हा सल्फाइड लोहाला मिळून काळा लोह सल्फाइड होतो. तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम यांनाही तो घट्ट पकडून ठेवतो. काळा गाळ म्हणजे एका अर्थी धातूंची बंद तिजोरी. ती हवेवर उघडली, म्हणजे पहिल्या पुराने गाळ ढवळला किंवा यंत्राने उपसून काठावर टाकला, की सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं आणि धातू सुटे होऊ शकतात. शहराच्या खालचा गाळ तपासल्याशिवाय शेतात पसरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. धरणातल्या गाळाने शेतं सुपीक होतात हे खरंच आहे, पण तो गाळ वेगळा आणि नाल्याच्या तोंडचा वेगळा.

फॉस्फरसचीही अशीच गोष्ट. तो गाळातल्या फेरिक लोहाच्या गंजाला चिकटून बसतो. पाणवेलींनी पात्र झाकलं की खाली ऊन आणि हवा दोन्ही पोचत नाहीत, प्राणवायू संपतो, फेरिकचं फेरस होऊन लोह विरघळतं आणि त्याच्याबरोबर फॉस्फरसही सुटतो. तो खाऊन पाणवेली आणखी वाढतात. नुसत्या वेली काढल्या तर त्या परत का येतात, याचं उत्तर तळाशी आहे.

गणपतीनंतरचा आठवडाही मोजणीत धरा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात भिजलं की जिप्सम होतं, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम एवढंच विरघळतं, म्हणून मूर्ती महिनोन्‌महिने तशीच राहते. जे विरघळतं त्याने पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, वाढते आणि गाळातल्या जिवाणूंना सल्फेटचा खाऊ मिळतो. घरी बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून विसर्जन करतात तेव्हा जिप्समचं चुनखडीत रूपांतर होतं, पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. मुलांना हे जरूर दाखवा. एका रसायनाचं दुसरं होतं म्हणजे काय, ते बादलीतच कळतं. ते पाणी मात्र नाल्यात ओतू नका. चांगलं पातळ करून झाडांना घाला, मूर्तीचा रंग नैसर्गिक असेल तरच.

दोन धातू, दोन स्वभाव

नवशिक्याने सगळे धातू एकदम हाताळू नयेत. तांबं आणि क्रोमियम, या दोघांचे स्वभाव कळले की बाकीचे सोपे जातात.

तांबं आपल्या द्राक्षबागांत आहे. डाऊनी (केवडा) रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदाचं निळं पाणी चुन्यात मिसळताना त्याचा आकाशी रंगाचा दाट रबडा होतो, तो बागायतदाराच्या रोजच्या पाहण्यातला. रसायनशास्त्राच्या भाषेत, चुन्याने पीएच चढला आणि विरघळलेलं तांबं हायड्रॉक्साइडसारख्या न विरघळणाऱ्या रूपात गेलं. म्हणूनच पान जळत नाही आणि औषध पानावर टिकतं. पुढे पावसाने ते धुऊन जमिनीवर येतं, आणि काळी माती व तिच्यातला सेंद्रिय भाग त्याला पकडून ठेवतो. ते पाण्याबरोबर मुरत फार खोल जात नाही. मातीबरोबर वाहून जातं. म्हणजे तांबं शोधायचं असेल तर दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या कादवेचं नितळ पाणी बाटलीत भरण्यापेक्षा पुराचं गढूळ पाणी आणि नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यात साठलेला गाळ तपासा. ती महाराष्ट्रातली पहिली रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा आहे, आणि वरून येणारी माती तिथेच विसावते.

पाण्यात मोकळा तांब्याचा आयन असला तर तो माशांना आणि शेवाळाला विषारी. तोच झाडपाल्याच्या कुजण्यातून आलेल्या तपकिरी द्रव्याशी बांधला गेला की त्याचं विष बरंच उतरतं. कठीण पाण्यात कॅल्शियम कल्ल्यांवरची जागा अडवतं, तिथेही तांब्याचा त्रास कमी. म्हणून तांब्याच्या आकड्याशेजारी कठीणता आणि पीएच नसतील, तर तो आकडा मुका आहे.

क्रोमियमचं वेगळं. मुलामा देण्याच्या कामात वापरतात ते सहा संयुजेचं. पाण्यात ते क्रोमेट म्हणून, ऋण भार घेऊन फिरतं. आपल्या मातीच्या कणांवरही ऋणच भार, त्यामुळे माती त्याला धरत नाही. ते पाण्याबरोबर सरळ मुरत विहिरीपर्यंत जाऊ शकतं. हेच जास्त घातकही आहे. ते प्राणवायू नसलेल्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या गाळात गेलं की फेरस लोह त्याला तीन संयुजेचं करतं, आणि ते रूप हायड्रॉक्साइड होऊन बसून राहतं. मात्र मँगनीजचे ऑक्साइड भेटले तर उलटा प्रवासही होऊ शकतो. तांब्याचा शोध गाळात घ्यायचा, सहा संयुजेच्या क्रोमियमचा विहिरीत.

बाटली भरताना

धातूंसाठी पॉलिथिनची, सौम्य नायट्रिक आम्लाने धुतलेली बाटली घ्या. दोन बाटल्या भरा: एक तशीच, एक ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळलेली. दोन्हीत शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. आम्लाचं काम अनुभवी माणसाला करू द्या. पहिलीतून एकूण धातू कळतात, दुसरीतून विरघळलेले. दोन्हींमधला फरक म्हणजे गाळाच्या पाठीवर बसून चाललेला भाग. सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी वेगळी बाटली, आम्ल न घालता, बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत. प्राणवायू, पीएच आणि तापमान नदीवरच मोजायचं. बाटलीतून घरी आणून मोजलेले आकडे नदीचे राहत नाहीत.

सुरुवातीच्या बोअरच्या पाण्याचा एक नमुना आम्ही आम्ल न घालता एका प्रयोगशाळेत दिला होता. अहवालात लोह जवळजवळ नव्हतंच. चार दिवस ठेवलेल्या बाटलीचं वरचं नितळ पाणी त्यांनी तपासलं होतं आणि सगळं लोह तळाच्या साक्यात होतं. त्या अहवालावर त्या घराने वर्षभर निर्धास्त पाणी वापरलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून ही आम्लाची गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

अहवाल हातात आल्यावर

आधी बेरीज करा. पाण्यातला धन भार आणि ऋण भार सारखा असलाच पाहिजे. समजा अहवालात कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम १८, सोडियम २३ मि.ग्रॅ./लि. आहे. त्यांना अनुक्रमे २०, १२.२ आणि २३ या तुल्यभारांनी (आयनाचं वस्तुमान भागिले त्याचा भार) भागा: २.०, १.५, १.०, बेरीज ४.५. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट १८३, क्लोराइड ३५.५, सल्फेट २४. त्यांना ६१, ३५.५ आणि ४८ ने भागा: ३.०, १.०, ०.५, बेरीज ४.५. जुळलं. दहा टक्क्यांहून जास्त तफावत आली तर काहीतरी चुकलंय किंवा काहीतरी मोजायचं राहिलंय. अहवाल परत घेऊन जा आणि विचारा. संकोच करू नका. "आढळले नाही" असं लिहिलं असेल तर कितीच्या खाली आढळलं नाही तेही विचारा. शिशाची मर्यादा ०.०१ असताना ज्या पद्धतीला ०.०५ च्या खालचं दिसतच नाही, तिच्या "आढळले नाही"ला काही किंमत नाही.

मग प्रवाहाने गुणा. तांबं ०.०२ मि.ग्रॅ./लि. म्हणजे क्षुल्लक वाटतं. पण नदीत ३५० क्युसेक, म्हणजे साधारण १० घनमीटर दर सेकंदाला वाहत असेल, तर ते दिवसाला १७ किलोच्या वर भरतं. धरणाच्या विसर्गाचे आकडे पावसाळ्यात रोज बातमीत येतात. ते वहीत नोंदवत चला, आणि विसर्गाचा आकडा मिळाला नाही त्या दिवशी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलंय ते तरी लिहा.

पहिल्या पावसाची तयारी

वर्षातला सगळ्यात मोलाचा दिवस जूनमध्ये येतो, आणि तो सांगून येत नाही. आठ महिने रस्त्यांवर, छपरांवर, नाल्यांत साचलेलं सगळं पहिल्या जोरदार सरीत दोन-तीन तासांत नदीत उतरतं. पात्रातला काळा गाळ ढवळला जातो आणि त्यातला सल्फाइड पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. म्हणून मे संपायच्या आत दहा-बारा धुतलेल्या बाटल्या, भरलेला बर्फाचा डबा आणि तपासलेले मीटर दाराशी ठेवा. सर आली की पुलावर जा, पात्रात उतरू नका, धरणातून पाणी सोडल्याची सूचना असेल तर काठालाही थांबू नका. दोरीने बादली सोडा, आधी नदीच्या पाण्याने ती तीनदा विसळा, आणि पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी, पुढे दर अर्ध्या तासाने एक बाटली भरा. बाटलीवर वेळ पेन्सिलीने लिहा, शाई पावसात पुसते.